पहिलं पुस्तक स्वतःच काढते आहे, छापील आणि ई-पुस्तक दोन्ही. कुठे चुका होतात?

रात्रपाळी

नमस्कार. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी २७ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. निवृत्तीनंतर त्या रात्रींबद्दल लिहायला घेतलं आणि तीन वर्षांत पुस्तक पुरं झालं. साधारण ६१,००० शब्द, सतरा प्रकरणं, अकरा फोटो. दोन प्रकाशकांनी "विषय चांगला आहे, पण आमच्या यादीत बसत नाही" असं कळवलं. तिसऱ्यांचं उत्तरच आलं नाही. आता मी थांबणार नाही. माझ्यासोबत काम केलेल्या काही सिस्टर सत्तरीच्या पुढे आहेत. हे पुस्तक त्यांच्या हातात पडावं अशी माझी फार इच्छा आहे.

सध्याची स्थिती अशी. पहिली आठ प्रकरणं भावाने त्याच्या संगणकावर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिली. उरलेली नऊ मी फोनवर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, लिहिली. दोन्ही एकत्र केली की अर्धा मजकूर भलत्याच चिन्हांत दिसतो. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एखाद्या गाण्याच्या दोन ओळी घेतल्या आहेत, कारण वॉर्डात बाळ रडायला लागलं की आम्ही हळू आवाजात तीच गाणी म्हणायचो. बाळांची आणि आईवडिलांची नावं बदलली आहेत. एका कंपनीने "सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त हस्तलिखित द्या" असं पॅकेज देऊ केलं आहे. करार नऊ पानांचा आहे आणि शुक्रवारपर्यंत सही हवी म्हणतात.

तुमच्यापैकी ज्यांनी हे स्वतः केलं आहे त्यांनी कृपया सांगा, कुठे चुकलात? काय आधी कळायला हवं होतं? न विकलेल्या प्रतींचे गठ्ठे घरात नकोत, आणि चुकांनी भरलेलं पुस्तक त्या सिस्टरना द्यायला माझा हात धजणार नाही.

जुना_जुळारी

ताई, शुक्रवारी सही करू नका. जे पॅकेज सोमवारी मिळणार नाही, ते घेण्यासारखं नाही. कराराच्या कलमांबद्दल इथले जाणकार सांगतील. मी अक्षरांबद्दल सांगतो, माझं आयुष्य त्यात गेलं आहे. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, मग फिल्म, मग संगणक. स्वतःची तीन पुस्तकं स्वतःच काढली आणि इतरांच्या पुष्कळ पुस्तकांची मांडणी केली.

तुमचं सगळ्यात मोठं काम ती आठ प्रकरणं आहेत. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असायचे. पडद्यावर 'क' दिसला तरी फाइलमध्ये 'क' नसतोच. म्हणून फॉन्ट बदलला की सगळं विस्कटतं. रूपांतराची साधनं मिळतात, पण प्रत्येक जुन्या फॉन्टचा नकाशा निराळा, तेव्हा आधी भावाकडून फॉन्टचं नेमकं नाव घ्या. रूपांतर झालं म्हणजे काम संपलं असं मात्र समजू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार एक घर सरकतो, जोडाक्षरं तुटतात. ही आठ प्रकरणं मूळ छापील कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघावी लागतील. त्याला दुसरा मार्ग नाही.

आता माझं सांगतो. माझं पहिलं पुस्तक डोंगरभटकंतीच्या टिपणांचं होतं. ५०० प्रती छापल्या. गठ्ठा घरी आला, दोरी सोडली, मधलंच एक पान उघडलं, तर 'दऱ्या' असायला हवं तिथे 'दर्या'. दऱ्या म्हणजे डोंगरातली खोरी आणि दर्या म्हणजे समुद्र. पुढचं पान उलटलं, तिथेही तेच. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'पायऱ्या'चं 'पायर्या', 'वाऱ्या'चं 'वार्या'. पुस्तकभर. त्या दिवशी मी जेवलो नाही.

झालं होतं असं. हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त आणि पुढचं अक्षर. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही दिसायला सारखेच. माझा मजकूर दुसऱ्या प्रकारचा होता. फाइल छपाईला पाठवायच्या आदल्या रात्री मी ती 'स्वच्छ' केली, म्हणजे नको असलेली अदृश्य चिन्हं एका फटक्यात काढून टाकली. त्यात ती सगळी जोडचिन्हं गेली आणि प्रत्येक अर्ध्या र चा रफार झाला. मुद्रितशोधन त्याआधीच दोनदा केलेलं होतं. नंतर एकदाही केलं नाही. ज्या प्रती लोकांना दिल्या त्या प्रत्येकीत शुद्धिपत्र चिकटवलं.

म्हणून तुम्ही सुरुवातीलाच अदृश्य चिन्हाचा प्रकार शोधून सगळीकडे नुक्त्याचा ऱ करून घ्या. मग 'र्य' आणि 'र्ह' असलेला प्रत्येक शब्द हाताने तपासा. इथे एका झटक्यात बदल करायचा मोह टाळा, कारण 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' यांना रफारच हवा आणि 'तऱ्हा', 'बिऱ्हाड', 'कुऱ्हाड' यांना अर्धा र. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन्ही शब्द शुद्ध आहेत, पण एकात गुरू आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. यंत्राला तो भेद कळत नाही.

असाच घोळ 'ॲ'चा. तुमच्या पुस्तकात ॲडमिट, ॲम्ब्युलन्स, ॲनिमिया असे शब्द पानोपानी असणार. हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ'वर अर्धचंद्र चढवून काम भागवायचे आणि अजूनही कितीतरी कळफलक तसंच उमटवतात. दिसायला दोन्ही एकच, पण ई-पुस्तकात वाचकाने 'ॲडमिट' शोधलं तर निम्म्या जागा सापडणारच नाहीत. पुस्तकभर एकच प्रकार ठेवा.

मांडणी इनडिझाइन या पुस्तकमांडणीच्या संगणक-प्रणालीत करून घेणार असाल तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' लावलेला आहे ना आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली आहे ना, हे दोन प्रश्न विचारा. पहिल्याशिवाय देवनागरी तुटते. दुसऱ्यामुळे, फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. फॉन्टच्या परवान्याकडेही लक्ष असू द्या. संगणकात फॉन्ट आहे याचा अर्थ तो पुस्तकात वापरायची, शिवाय ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये भरायची परवानगी आहे असा होत नाही. शोभिका, तिरो देवनागरी मराठी, मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी हे खुल्या परवान्याचे आहेत. पुस्तकाच्या मजकुराला मी शोभिका किंवा तिरो वापरतो, पडद्यासाठी मुक्ता.

कागद आणि कणा यांची गफलत तर मी इतक्यांदा पाहिली आहे की कळकळीने सांगतो: कागद नक्की झाल्याशिवाय मुखपृष्ठाची अंतिम फाइल करू नका. कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या बांधणीकडच्या उभ्या पट्टीची, जाडी पृष्ठसंख्येवर आणि कागदाच्या जाडीवर ठरते. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेचंच गणित घ्या. तिथे पांढऱ्या कागदाला दर पृष्ठामागे ०.०५७२ मिमी धरतात आणि क्रीम कागदाला ०.०६३५ मिमी. म्हणजे २४० पृष्ठांचा कणा पांढऱ्यावर १३.७ मिमी आणि क्रीमवर १५.२ मिमी. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्याने कण्यावरचं नाव मुखपृष्ठाच्या कडेवर उतरतं. आणि हिशेब नेहमी पृष्ठांत करा. आपण बोलताना 'पान' म्हणतो ते कधी कागदाचं एक पान असतं, कधी त्याची एक बाजू. या एका शब्दामुळे कणा दुप्पट जाड आखलेला मी पाहिला आहे.

बांधणीकडचा समास बेताचा ठेवला तर ओळींची टोकं शिवणीत जातात. त्याच सेवेत १५१ ते ३०० पृष्ठांना आतला समास किमान १२.७ मिमी लागतो. ती किमान मर्यादा झाली. मी १८ ठेवतो. तुमच्या सिस्टर सत्तरीच्या आहेत, त्यांना पुस्तक दाबून धरून वाचायला लावू नका. अक्षरही थोडं मोठं घ्या, पृष्ठं वाढली तरी चालतील.

ऑफसेटवर, म्हणजे एकदम मोठ्या संख्येने, छापणार असाल तर पृष्ठं फर्म्यात मोजतात, साधारणपणे १६ पृष्ठांचा एक फर्मा. मजकूर २३१ पृष्ठांचा झाला तर पुस्तक २४० पृष्ठांचं होणार, म्हणजे नऊ पृष्ठं कोरी. ती ऋणनिर्देशाला वापरा किंवा मांडणी आवळून २२४ वर आणा, पण हे आधीच ठरवा. मुद्रकाला आणखी एक विचारा, कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर येणार आहे का. तो आडवा आला तर पुस्तक नीट उघडत नाही आणि पावसाळी हवेत पानं लाटेसारखी वळतात. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असू द्या. साध्या लेखन-प्रणालीतून निघालेल्या फाइलमध्ये तो कधी कधी चार शायांचा मिळून बनतो, आणि चारी शाया केसभर सरकल्या तरी बारीक अक्षर धुरकट दिसतं.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. छापल्यावर फोटो १० सेंमी रुंद हवा असेल तर मूळ फाइल निदान १,१८० पिक्सेल रुंद लागते. चॅटवरून आलेले फोटो आक्रसलेले असतात. मूळ फोटोच मागवून घ्या.

कलमवाचक

मी प्रकाशन व्यवहारांचे करार वाचते, तोच माझा व्यवसाय आहे. जुळारींनी सांगितलं ते मी पुन्हा सांगते, शुक्रवार विसरा.

त्या नऊ पानांत आधी हे शोधा: हक्क 'अनन्य' म्हणून मागितले आहेत का, किती वर्षांसाठी, आणि कोणकोणते? छापील आणि ई-पुस्तक ठीक. पण बोलकं पुस्तक, भाषांतर, चित्रपट हेही सगळं एका ओळीत लिहून घेतलेलं असतं. पैसे तुम्ही भरणार असाल तर हक्क त्यांच्याकडे जाण्याचं काहीही कारण नाही. मुखपृष्ठाची आणि मांडणीची मूळ, बदल करता येण्याजोगी फाइल कोणाच्या मालकीची? बऱ्याच लेखकांना करार संपल्यावर कळतं की स्वतःच्याच पुस्तकाची फाइल त्यांच्याकडे नाही आणि सगळं पहिल्यापासून करून घ्यावं लागणार. मानधन 'निव्वळ उत्पन्ना'वर असेल तर निव्वळ म्हणजे काय काय वजा जाता, हे लिहिलेलं आहे का? लेखकाने ठरावीक प्रती विकत घेतल्याच पाहिजेत अशी अट आहे का? आणि बाहेर कसं पडायचं? 'दोन्ही बाजूंच्या संमतीने' एवढंच लिहिलेलं असेल तर तुम्हाला बाहेर पडता येत नाही, कारण त्यांची संमती मिळत नाही. कंपनीचं नाव शोधताना इंग्रजीत 'रायटर बिवेअर' हे संकेतस्थळ जरूर बघा. लेखकांना फसवणाऱ्या योजनांवर ते १९९८ पासून लक्ष ठेवून आहेत.

गाण्यांच्या ओळी. इथे मला तुम्हाला निराश करावं लागतंय. "दोन ओळी चालतात" असा सरसकट नियम कुठेही नाही. १८८६ च्या बर्न करारानुसार, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, रचना निर्माण झाली की तिला आपोआप संरक्षण मिळतं, नोंदणी लागत नाही, आणि ते निर्मात्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतं. अनेक देशांत ७० वर्षं. गाणं मुळात चार कडव्यांचं असल्याने दोन ओळी म्हणजे त्याचा मोठा भाग ठरू शकतो. सतरा प्रकरणांसाठी सतरा परवानग्या मागायच्या, त्याही कधी गीतकाराच्या वारसांकडून तर कधी संगीत कंपनीकडून, हे महिनोन् महिने चालेल. पारंपरिक अंगाईगीतं असतील तर प्रश्न येत नाही. बाकीच्यांचं नाव घ्या, त्या रात्री ते गाणं कोणी म्हटलं, बाळ कसं शांत झालं, ते सांगा. गाण्याचं नाव लिहायला सहसा हरकत नसते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते सगळ्यात महत्त्वाचं. नावं बदलली म्हणजे माणूस लपला असं नाही. अमुक साली जन्मलेली तिळी, त्यातल्या एकाला दुर्मीळ आजार, वडील अमुक खात्यात: एवढ्यावरून ते कुटुंब स्वतःला ओळखेल आणि त्यांचे शेजारीही ओळखतील. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची तुमची जबाबदारी निवृत्तीने संपत नाही. प्रत्येक प्रसंगात तारीख, बाळाचं लिंग, आजाराचा तपशील, आईवडिलांचा व्यवसाय यातलं काय बदलता येईल ते बघा. जिथे बदलल्याने गोष्टच मरते तिथे कुटुंबाची लेखी संमती घ्या. "सर्व पात्रं काल्पनिक आहेत" ही ओळ टाकून आठवणींच्या पुस्तकात काहीही साधत नाही. अकरा फोटोंपैकी एकातही बाळाचा चेहरा किंवा पायातली नावाची पट्टी दिसते का? आणि फोटो काढले कोणी? बहुतेक देशांत फोटोचा हक्क तो काढणाऱ्याचा असतो. छापण्याआधी तुमच्याकडच्या वकिलांना तरी एकदा दाखवाच, कारण गोपनीयतेचे आणि बदनामीचे कायदे देशागणिक बदलतात.

पानोपानी

आयएसबीएनबद्दल, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाबद्दल, अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. छापील आणि ईपब (ई-पुस्तकाची फाइल) यांना वेगवेगळा क्रमांक लागतो, पुठ्ठाबांधणी काढलीत तर तिसरा. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला देता येत नाही. केडीपी छापील पुस्तकाला फुकट क्रमांक देते, पण तो फक्त त्यांच्याकडेच चालतो आणि प्रकाशक म्हणून तुमचं नाव लागत नाही, 'स्वतंत्रपणे प्रकाशित' या अर्थाचे इंग्रजी शब्द लागतात. किंडल ई-पुस्तकाला आयएसबीएन लागतच नाही. बाकी ठिकाणीही पुस्तक ठेवायचं असेल तर आपल्या देशाच्या आयएसबीएन संस्थेकडून स्वतःच्या नावाने क्रमांक घ्या. काही देशांत ते विनामूल्य मिळतात. मी पहिल्या वेळी घाईत फुकटचा घेतला आणि पुढे दुसऱ्या वितरकाकडे जाताना तेच पुस्तक नव्या क्रमांकाने पुन्हा नोंदवावं लागलं. दोन नोंदी झाल्या, वाचकांचे अभिप्राय दोन्हीकडे वाटले गेले.

आणि 'केडीपी सिलेक्ट'च्या चौकटीवर खूण करण्याआधी थांबा. त्यात ९० दिवस ई-पुस्तक फक्त त्यांच्याकडेच ठेवायचं असतं, तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही पूर्ण पुस्तक देता येत नाही. मुदत संपली की आपोआप पुढे चालू राहतं, तुम्ही बंद केलं नाहीत तर. छापील पुस्तकाला ही अट नाही. मराठी ई-पुस्तक तिथे चालतं, पण ई-पुस्तकाच्या भाषांची यादी आणि छापीलच्या भाषांची यादी एकच नसते. छपाईचा बेत तिथेच असेल तर ती यादी सगळ्यात आधी बघा. छापील पुस्तकाचं शीर्षक, लेखकाचं नाव आणि आयएसबीएन प्रकाशित केल्यावर बदलता येत नाहीत, तेव्हा नावातली वेलांटी तीनदा तपासा.

सहा_ठिपके

मी दृष्टिहीन आहे आणि पुस्तकं स्क्रीन रीडरवर ऐकतो. रात्रपाळीताई, तुमचं पुस्तक मला वाचायचं आहे, म्हणून लिहितोय.

मराठी ई-पुस्तक विकत घेतलं आणि उघडल्यावर आवाजच आला नाही, असं माझ्या बाबतीत कितीदा तरी झालं आहे. कारण दोनच असतात. एक, पानांची नुसती चित्रं भरलेली असतात. दुसरं, जुन्या फॉन्टचा मजकूर तसाच राहिलेला असतो आणि यंत्र मला इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण असं काहीतरी वाचून दाखवतं. तुमची ती आठ प्रकरणं आज तशीच गेली तर डोळस वाचकाला निदान चुकीचं काहीतरी दिसेल, मला त्यातला एक शब्दही कळणार नाही.

छपाईची पीडीएफ म्हणजे ई-पुस्तक असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पीडीएफची पानं कायमची बांधलेली असतात, फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब मागा. त्याच्या आत संकेतस्थळासारखा मजकूर असतो, म्हणून तो वाचकाच्या पडद्याप्रमाणे नव्याने बसतो. प्रकरणांची नावं अक्षर ठळक आणि मोठं करून नका देऊ, 'शीर्षक' ही शैली लावून द्या. मला एका प्रकरणावरून दुसऱ्यावर उडी मारता येते ती त्या शैलीमुळेच, अनुक्रमणिकाही त्यातूनच तयार होते. फाइलची भाषा मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर माझं यंत्र हिंदीच्या उच्चारात वाचायला लागतं. अकरा फोटोंना प्रत्येकी दोन ओळींचं वर्णन लिहा. ते वर्णन दुसऱ्या कोणाला लिहायला देऊ नका, तुम्हीच लिहा. त्या काचेच्या पेटीत तुम्हाला काय दिसत होतं ते मला तुमच्याच शब्दांत ऐकायचं आहे.

फाइल तयार झाली की 'ईपबचेक' या मोफत साधनातून तपासून घ्या. ईपबचं मानक सांभाळणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचंच ते साधन आहे. हे सगळं आता केवळ सौजन्य राहिलेलं नाही. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांना सुगम्यतेचा, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता यावीत असा, कायदा लागू झाला आहे. अगदी छोट्या उद्योगांना त्यात सूट आहे, पण तुम्ही सूट घेऊ नका.

रात्रपाळी

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दोन दिवस हेच वाचत होते.

कराराचं कलमवाचक म्हणाल्या तसंच निघालं. सातव्या पानावर 'सर्व माध्यमांतील अनन्य हक्क' आणि दहा वर्षं. लेखिकेने प्रती विकत घेण्याची अटही आहे. मी त्यांना नाही म्हणून कळवलं.

जुळारी, भावाकडून फॉन्टचं नाव मिळालं आणि रूपांतर केलं. तुम्ही सांगितलेले 'र्य' शोधत बसले होते. पहिल्याच प्रकरणात 'बाळाच्या पायर्या' असं दिसलं आणि अंगावर काटा आला. आधी मी हे पान किती वेळा वाचलं होतं, कधी दिसलं नव्हतं.

गाण्यांच्या ओळी काढल्या. चार अंगाईगीतं राहिली, ती पारंपरिक आहेत. सहाव्या प्रकरणातला प्रसंग मात्र बदलून लिहिता येत नाही. त्या आईचा पत्ता माझ्याकडे आहे, तिला पत्र लिहिलं आहे. ती नको म्हणाली तर ते प्रकरण जाईल. मला वाईट वाटेल, पण ते तिचं आहे.

सहा_ठिपके, फोटोंची वर्णनं लिहायला काल रात्री बसले. पहिल्याच फोटोला तासभर लागला. त्यात माझा हात आहे आणि बाळाची मूठ माझ्या करंगळीच्या नखाएवढी आहे, हे मी पुस्तकात कुठेच लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

एक प्रश्न राहिला. प्रती किती छापू? आणि प्रूफ कसं तपासू? मला आता स्वतःचं वाक्य न वाचताच कळतं, डोळा चुकीवर थांबतच नाही.

जुना_जुळारी

ताई, आकडा तुमच्या वहीतून काढा. ज्यांना प्रत द्यायचीच आहे त्यांची नावं लिहा, जे नक्की विकत घेतील असं खात्रीने म्हणता येईल त्यांची लिहा, आणि फक्त तेवढ्याच डिजिटल छपाईवर काढा. एका प्रतीला खर्च जास्त पडेल. पण पहिल्या छपाईत चुका निघतातच, त्या दुसऱ्या छपाईत दुरुस्त करता येतात. ५०० प्रती एकदम छापल्या की पुढची दुरुस्ती शुद्धिपत्राशिवाय होत नाही, ते मी भोगलं आहे. ऑफसेट तेव्हा करा, जेव्हा लोक मागायला लागतील.

प्रूफ पडद्यावर वाचू नका. ज्या कागदावर, ज्या आकारात पुस्तक येणार, तशीच एक बांधलेली प्रत मागवा. स्वतःचं वाक्य दिसत नाही हे प्रत्येक लेखकाचं होतं. त्यावर आमच्या छापखान्यातला उपाय असा, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापील ओळीवर बोट ठेवून ऐकायचं. भावाला बसवा. पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून उलटं वाचत या, म्हणजे गोष्टीच्या ओघात वाहून जाणार नाही. मजकूर संपला की एक फेरी फक्त मजकुराबाहेरच्या गोष्टींची करा: अनुक्रमणिकेतले पृष्ठांक, पानांच्या डोक्यावरची प्रकरणांची नावं, फोटोखालच्या ओळी, मलपृष्ठावरचा मजकूर, कणा, आयएसबीएन. सगळे मजकूर वाचतात, त्यामुळे सगळ्यात ठळक चुका तिथेच राहून जातात. मलपृष्ठावर लेखिकेचं नाव चुकलेलं पुस्तक मी बांधून झालेलं पाहिलं आहे.

दुरुस्त्या केल्यावर नवी फाइल झाली, मग नवं प्रूफ. एक अनुस्वार बदलला तरी. परिच्छेद एका ओळीने वाढतो, शेवटची ओळ एकटीच पुढच्या पृष्ठावर जाते, आणि तिथून पुढे अनुक्रमणिका चुकते.

त्या आईचं पत्र येईपर्यंत सहावं प्रकरण मांडणीला देऊ नका. ते गेलं तर पृष्ठसंख्या बदलेल, म्हणजे कणाही बदलेल. तोवर पहिल्या पाच प्रकरणांचं प्रूफ काढून घ्या, आणि जमलं तर 'पायऱ्या' असलेल्या पानाचा फोटो इथे टाका. शाईत तो र कसा उमटला आहे ते मला बघायचं आहे.